जपलेली तबकडी

चष्मेवाल्यांच्या घरात जोरात पाऊल टाकायचं नाही, हा नियम. टाकलंच, तर बैठकीतल्या टर्नटेबलाला, म्हणजे गाण्याच्या तबकड्या वाजवायच्या यंत्राला, म्हणे धक्का बसतो. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा हा गोड बोलणारा माणूस घरी आला की निराळाच व्हायचा. कधी यंत्र सपाट बसलंय का ते बघायचा, कधी सुईवरची धूळ भिंगातून तपासायचा. बायकोने मिक्सरला हात लावला की, "अगं थांब, ही बाजू संपू दे!" बायकोने त्यांचं नाव तबकडीराव ठेवलं होतं. "सवत परवडली असती," ती म्हणायची, "निदान भांडी तरी विसळली असती तिने."

सुरुवात वडिलांच्या सुटकेसवजा प्लेअरपासून झाली होती. त्याचा दांडा कसला, नांगरच तो! मग पट्ट्यावर फिरणारं टर्नटेबल आलं, मग जड थाळीचं आलं, आणि मग टोनआर्मचं खूळ डोक्यात शिरलं. टोनआर्म म्हणजे सुई धरून तबकडीवर तरंगणारा दांडा. आधी वाकडा घेतला, मग सरळ, मग लांब, मग कार्बनचा, उचलला तरी हाताला न जाणवणारा. दरवेळी "आता हा शेवटचा" म्हणून शपथ व्हायची. रविवारी दातांचे डॉक्टर आणि बँकेतले साहेब जमले की जुन्या दांड्यांच्या आठवणी निघत. लोक शाळेतल्या दोस्तांबद्दल बोलतात, तसे हे तिघं दांड्यांबद्दल बोलत.

आता नवा दांडा चांगला की वाईट, हे ठरवायचं कशावर? डॉक्टर आणि साहेब गाण्यांच्या रेकॉर्डी आणत. तबकडीराव मात्र कपाटातून एक लहानशी, वर नाव-गाव काही नसलेली तबकडी काढत. तिच्यात त्यांची आई होती.

ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, शिकायला परगावी वसतिगृहात होती, तेव्हाची ही गोष्ट. आवाज तबकडीवर कोरून देणारं एक दुकान होतं, तिथे जाऊन आई लेकीसाठी बोलून आली. पाठवायची वेळ आली तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं, की वसतिगृहात प्लेअर कुठाय? झालं! तबकडी घरीच राहिली, आणि पुढे घराबरोबर धाकट्याकडे आली.

"बोलू का? चालू झालं?" आई विचारते. मग तिच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजतो, बोलताना तो खेळवायची तिला सवयच होती. "ऐकतेस ना गं? ओल्या केसांनी झोपू नकोस. आणि माझी काळजी करू नकोस, मी अगदी मजेत आहे." मग कशाचं कोण जाणे, एकदम हसते. बस, एवढंच.

तबकडीरावांना यातला श्वास न् श्वास पाठ होता, त्यामुळे दांड्यात काही खोट असली की लगेच कळायची. जुडग्यातली किल्ली न् किल्ली सुटी ऐकू आली की दांडा पास. "वा! मोजून घ्याव्यात किल्ल्या!" डॉक्टर मांडीवर थाप मारत. सुईचं वजन जरा बदललं, लाव आईला. दांड्याची उंची जरा वाढवली, लाव आईला.

आणि ताई? ती आली की दबकत विचारायची, "एकदा लाव ना रे."

"ताई, ही मऊ लाखेची आहे गं. बाजारातल्या रेकॉर्डीसारखी कडक नाही. दरवेळी सुई तिला खरवडते. झिजून जाईल."

"बरं बाबा, राहू दे. जप तिला."

यातला शब्द न् शब्द खरा होता, हीच तर पंचाईत. तबकडीरावांना ते पुरतं ठाऊक होतं. पण आपला दांडा हलका, आपली सुई उंची, आपण काय ऐकायला लावतो का, तपासायला तर लावतो! अशी मनाची समजूत घालायला माणसाला कितीसा वेळ लागतो?

मग सगळ्यात भारी दांडा आला. बसवला, आईला लावलं, आणि किल्ल्या वाजल्याच नाहीत. नुसती खरखर. तबकडीरावांनी सुई बदलली, वजन बदललं, तारा बदलल्या. शेवटी गाण्याची रेकॉर्ड लावली, तर ती लख्ख वाजली. दांडा निर्दोष होता. त्यांनी आईची तबकडी कपाटात ठेवली आणि कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

आणि नेमका ताईचा फोन आला. "कानांचे डॉक्टर म्हणतात, डावा गेलाच, उजवाही त्याच वाटेवर आहे. पुढे यंत्र लावतील म्हणे. पण आईला मला माझ्या कानांनी ऐकायचंय रे. या वेळी नाही म्हणू नकोस."

नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? तबकडीरावांना जेवण जाईना. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त भीती.

दुपारी ताई आली. नियमाप्रमाणे पावलं न वाजवता आत आली, उजवा कान स्पीकरकडे करून बसली. तबकडीरावांनी सुई टेकवली. कढईत काहीतरी तळावं तशी खरखर, आणि तिच्या पलीकडे, भिंतीआडून बोलावं तशी आई. हसणं तेवढं जरा कळलं.

ताईने डोळे पुसले. "हसली बघ! अगदी तश्शी!" मग म्हणाली, "किती जपलीस रे! मध्ये खरखर येते ना, ती माझ्या कानांची. हल्ली सारखं असंच वाजतं मेलं."

तबकडीरावांनी सुई उचलली. "परत लावू?"

"नको नको! झिजेल. तूच सांगतोस ना?"

"ताई," ते पुटपुटले, "ती खरखर तुझ्या कानांची नाही."

"काय? मोठ्याने बोल."

"तुझ्या कानांची नाही ती!" आता ओरडावंच लागलं. "रेकॉर्डीची आहे! मी झिजवली! नवा दांडा आला की हीच लावायचो!"

स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला.

ताईने उजवा कान त्यांच्याकडे केला. "एकटाच ऐकायचास?"

"नाही! मित्रही असायचे!"

"म्हणजे त्यांनी ऐकली." तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "अरे, ती माझ्याशी बोलत होती ना?"

ताईने स्वतः उठून तबकडी उचलली, कडेला धरून, अगदी अलगद. पाकिटात सरकवली आणि पाकीट पिशवीत ठेवलं.

"ताई, तुझ्याकडे प्लेअर कुठाय?"

"नाहीये," ताई म्हणाली. "म्हणूनच नेते."