घोडीनं कडब्याला तोंड लावलं

आधी मावशीचं सांगतो, मग झालं ते सांगतो. झालेलं सांगायला लागलो की मी त्यातच वाहवतो, आणि मग तिचं राहून जातं.

आमच्या गावाबाहेर, फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, बौद्ध वस्तीतलं पहिलं घर तिचं. पुढं पत्र्याची खोली, खोलीत शिलाई मशीन. पोरींचे परकर, बायांची पोलकी, शाळेचे गणवेश, सगळं ती शिवायची. नवरा लवकर गेलेला. घरात ती आणि तिचा सासरा, इतकंच. म्हातारा जुना फौजी, मोठ्या लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला. माझा थोरला भाऊ आज लंगडतो, पण स्वतःच्या पायांनी रानात जातो. तो या दोघांमुळं. म्हातारा आता नाही. मावशी आहे.

मी आठवीतून शाळा सोडली आणि टेम्पोवर बसलो. गावचा बटाटा मंचरच्या बाजारात न्यायचा, रिकामं बारदान घेऊन परत यायचं. आता आखातातल्या एका बंदरावर पाण्याचा टँकर चालवतो. शेजारच्या मुलखात लढाई पेटलीय. इथलं सरकार रोज टीव्हीवर सांगतं की आमचा तिच्याशी काही संबंध नाही. आणि रोज सकाळी बंदरावर ताडपत्री झाकलेली यंत्रं उतरतात आणि आमच्याच रस्त्यानं जातात. गेल्या महिन्यापासून आमच्या टँकरांनाही नवी खेप लागली, लष्कराच्या तळावर पाणी पोचवायची. मी मुकादमाला म्हणालो, मला दुसरीकडं द्या. तो हसला. "अरे भाई, पानी है, बम थोडी है."

पाणीच आहे, खरंय. आमच्याकडं कडबा होता.

गावात आळ्या तीन. वरची, खालची आणि मधली. वरच्या आणि खालच्या आळीचं वैर कशावरून, हे त्या दोघांनाही धड सांगता आलं नसतं. आमचं घर मधल्या आळीत. आमच्याकडं एक पांढरी घोडी होती. आमच्या भागात जत्रेला बैलगाडे पळतात, तेव्हा बैलांच्या पुढं घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो, आणि तिच्या मागं बैल घाट, म्हणजे शर्यतीचा चढ, चढतात. आमची घोडी लई नावाजलेली. वर भाऊ बसायचा. बारी, म्हणजे पळायची पाळी, वरच्या आळीची असो नाहीतर खालच्या आळीची, घोडी दोघांच्याही पुढं पळायची. कुणी विचारलं, घोडी कुणाची, तर वडील म्हणायचे, "घाटाची."

त्या वर्षी खालच्या आळीच्या बारीत उजवा बैल घसरला. पाय मोडल्याचा आवाज घाटाच्या वरपर्यंत ऐकू आला, वाळलेलं लाकूड मोडावं तसा. बैल मान वर करून उठायला बघायचा आणि परत त्याच पायावर पडायचा. लोकांनी भंडारा उधळायचा थांबवला. खालच्या आळीचा एक जण भावाच्या अंगावर धावला. "लगाम वढलास तू! घोडी वाकडी घातलीस!"

"घोडी सरळ व्हती. बैल तुमचा दमला व्हता."

"वरच्यांनी काय खाऊ घातलंय रं तुला?"

दुसऱ्या दिवशी वडिलांनी घोडी अंगणात बांधली आणि दोन्ही आळ्यांना सांगून आले: इथून पुढं घोडी कुणासाठीच पळणार नाही. घरी येऊन जेवायला बसले, तर चेहऱ्यावर समाधान. "मिटलं. आपण मधी."

मला शाळेतला एक शब्द आठवला. शर्टाची बटणं लावून घ्यायला मावशीकडं गेलो होतो, म्हातारा बाहेर बाजेवर बसलेला. मी जरा ऐटीत म्हणालो, "आजोबा, आमी आता तटस्थ."

म्हातारा हसायला लागला तो थांबेचना. "तटस्थ! तट म्हंजे काय रं?"

"काठ. नदीचा."

"मंग तटस्थ म्हंजे काठावर उभा ऱ्हानारा. आन पूर आला की पयली जमीन कुनाची जाती?"

म्हाताऱ्यानं मला बाजेवर बसवून घेतलं.

"आमी पलटणीत व्हतो तवा. हिंदुस्तान लढाईत उतरला, हे आमाला परेडवर उभं करून सांगितलं. लढाई कुनाची, कशापायी, काय ठावं न्हाई. सही तिसऱ्यानंच, लाटसायबानं, केलेली. आन आमाला वाटलं आमीच तेवढे येडे. फुडं कळलं, जगात समदी तशीच आली. एक म्हनला, मी फकस्त वाट देतो. दुसऱ्यानं वाट दिली न्हाई, तर त्याला तुडवून गेले. तिसरा म्हनला, मी व्यापारी मानूस, दोघांना बी इकतो. त्याचं जहाज बुडवलं, मंग त्यो बी बंदूक घिऊन आला. लढाईला कुनी जात न्हाई पोरा. लढाई घरी येती."

आतून मावशीचा आवाज, मशीन न थांबवता, "बाबा, पुरे. तुमच्या ब्रह्मदेशापायी माझं गिऱ्हाईक पळंल."

"ह्यो कसला पळतोय! ह्यो तटस्थ हाय!"

मीही हसलो तेव्हा.

पुढं थोड्याच दिवसांनी, दुपारी, वडील रानात असताना वरच्या आळीचा ट्रॅक्टर आमच्या अंगणात आला आणि त्यांनी कडबा उतरवायला सुरुवात केली. आई पदर सावरत बाहेर आली. "कुणी मागवला?"

"कुणी न्हाई वहिनी. घोडीला आमच्याकडनं. पळत न्हाई म्हून काय उपाशी ठिवायची?"

"मालक घरात न्हाईत. न्या माघारी."

"आमी काय परके हाय व्हय?" असं म्हणून हसत हसत ट्रॅक्टर घेऊन गेले. गंजी आमच्या अंगणात तशीच.

आमच्याकडं म्हण आहे, ज्याची वैरण त्याचं जनावर. आईनं घोडीचा दोर आखडायला हात घातला, तोवर घोडीनं मान लांब करून कडब्याला तोंड लावलं होतं. तिला काय आळ्या कळतात? कडबा चांगला होता, ज्वारीची ताटं अजून हिरवट. अख्खी मधली आळी बघत होती, आणि नळावर खालच्या आळीच्या दोन बाया हंडे भरत होत्या.

वडील आले. गंजी बघून दारातच बसले. मग मला म्हणाले, "टेम्पो आण. समदा कडबा भर आन माघारी टाकून ये."

मी भरला. वरच्या आळीला टेम्पो जाईल असा रस्ता एकच, खालच्या आळीच्या पारावरून. पारावर माणसं बसलेली. वडिलांना सुचलं नाही, मलाही नाही: आम्ही कडबा परत करतोय हे पाराला कसं कळणार? त्यांना दिसलं ते असं, की मधल्या आळीचा टेम्पो वैरण भरून वरच्या आळीला रसद पोचवतोय. मी हॉर्न वाजवला. नेहमीसारखं कुणी हात वर केला नाही.

वरच्यांनी कडबा उतरवूनही घेतला. एक जण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ठिव, ठिव. इथं काय आन तिथं काय, आपलंच घर."

त्याच दिवशी दिवेलागणीला आमचा गोठा पेटला. पाचटाचं छप्पर, वारं सुटलेलं. घोडी खुंट्याला बांधलेली होती. भावानं आत जाऊन दोर कापला, तेव्हा तिची आयाळ पेटलेली होती. ती बाहेर आली ती ओरडत. घोडी तशी ओरडते हे मला माहीत नव्हतं. पाठीवरची कातडी सोलून लोंबत होती. आम्ही विहिरीवरून पाणी आणतोय तोवर वरची आळी काठ्या आणि लोखंडी पाइप घेऊन हजर. आमच्या आधी तयार. "आता कळलं का भाऊ, तुमी कुनाचं?"

वडील त्यांच्या पाया पडले. "आमच्या नावानं कुनाला मारू नका रं."

कोण ऐकतंय. गिरणीपाशी खालच्या आळीचा एक माणूस दळण घेऊन उभा होता. त्याचं डोकं फोडलं. रक्त पिठात सांडलं. मारणारे ओरडत होते आमच्या घराचं नाव घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ विहिरीच्या बांधावर मोटर चालू करायला गेला. खालच्या आळीचे तिघं-चौघं उसात दबा धरून होते. पहिला कोयता मांडीवर, दुसरा हातावर. मी शेजारच्या वावरात टेम्पोत बटाटा भरत होतो. पोचलो तेव्हा ते पळाले होते आणि भाऊ मांडी दोन्ही हातांनी दाबून बसला होता, बोटांतून रक्त येत होतं आणि तो मला म्हणत होता, "मोटर बंद कर आधी." त्याला टेम्पोत घातला आणि निघालो. पण गावाबाहेर चढावर पोचलो तर समोर फाट्यावर खालच्या आळीच्या माणसांनी बैलगाडी आडवी लावलेली, हातात काठ्या, कोयते. मंचरला जायला दुसरी वाट नव्हती. टेम्पो तिथंच, मावशीच्या दारात थांबवला.

ती बाहेर आली, टेम्पोत बघितलं. मशीनच्या पट्ट्यानं आधी मांडी वर आवळली, इतकी जोरात की भाऊ किंचाळला. "वरड, आत्ताच वरड," ती म्हणाली. "फुडं वरडायचं नाय." मग कापडाच्या चिंध्यांचं भरलेलं पोतं भावाच्या पायाखाली सारलं, रक्त खाली ठिबकू नये म्हणून. वरून माझं रिकामं बारदान पसरलं. आणि घराकडं तोंड करून म्हणाली, "बाबा, आजारी पडा."

म्हातारा गोधडी घेऊन आला आणि बारदानावर आडवा झाला. मावशी माझ्या शेजारी पुढं बसली. मी म्हणालो, "मावशी, तुमी कशाला? आमची भांडणं."

"भांडान तुमचं. रगात माझ्या दारात हाय."

फाट्यावर त्यांनी टेम्पो अडवला. मी त्यांच्या लेखी पोरगं, त्यांना हवा होता भाऊ. दोघं मागं चढले. "कोन हाय?"

"सासरा. छातीत कळ आलीया. सोडा रं बाबांनो."

म्हातारा कण्हायला लागला. इतका कण्हला की त्यातला एक हसला. "एवढा वरडतोय म्हंजे अजून लई दम हाय."

"मेलो तर तुझ्या दारात यिऊन बसंन," म्हातारा म्हणाला.

"तसा बी रोजच बसतोस की आज्या."

तेवढ्यात दुसऱ्यानं हातातली काठी बारदानात खुपसली. ती भावाच्या जखमेतच गेली. हे मला नंतर कळलं. मला फक्त म्हाताऱ्याची आरोळी ऐकू आली. बोंब ठोकली त्यानं, आईच्या नावानं, देवाच्या नावानं, पलटणीच्या नावानं. भावाचं ओरडणं त्यानं आपल्या तोंडानं ओरडून टाकलं. काठीवाला दचकून मागं सरला. "सोड रं, जाऊ दे. म्हातारा जायाचा."

बैलगाडी बाजूला झाली. एकानं वर आणि मलाच सांगितलं, "बिगी बिगी ने."

मंचरच्या दवाखान्यात भावाची शीर बांधली. डॉक्टर म्हणाले, वर आवळलं नसतं तर वाटेतच गेला असता. मावशीनं ते ऐकलं, म्हाताऱ्याला घेऊन वडापच्या जीपनं माघारी गेली. पट्टा मात्र भावाच्या मांडीलाच राहिला.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही, दवाखान्यात होतो. म्हाताऱ्यानं सांगितलं. भाऊ कसा सुटला ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती. खालच्या आळीची माणसं पहार घेऊन आली. भरदुपारी. मावशी मशीनच्या चाकावर हात ठेवून उभी राहिली. त्यांनी सांगितलं, हात काढ. तिनं काढला नाही. पहार चाकावर पडली तेव्हा हात चाकावरच होता. मधल्या आळीतली माणसं रस्त्याच्या पलीकडं उभी होती, सगळी. कुणी पुढं आलं नाही. वरच्या आळीचे दुसऱ्या दिवशी आले ते औषध घेऊन नाही, पोलिसांना कुणाकुणाची नावं सांगायची ते पढवायला. ती म्हणाली, "मी तुमच्या बाजूनं न्हाई. मी त्या पोराच्या पायाच्या बाजूनं व्हते." मग वरच्यांनीही तिच्या दारात येणं सोडलं. म्हणाले, ती खालच्यांना फितूर.

म्हातारा मला म्हणाला होता, "बघ. आमी तर तुमच्या तटावर बी नव्हतो. तरी पूर आमच्या घरात आला." तेव्हा तो हसला नाही.

घोडी महिनाभर उभ्यानंच राहिली, मग गेली. वडिलांनी जत्रेला जाणं सोडलं. मी वळखीच्या वळखीनं इकडं आलो. इथं तळाच्या फाटकातून टँकर आत घालताना मला पारावरची ती माणसं दिसतात. बाहेरून बघणाऱ्याला माझ्या टँकरात काय आहे, कुणी पाठवलंय, मला जायचं होतं की नव्हतं, हे कळणार नाही. त्याला एवढंच दिसेल की हा आत गेला. रोज भीती वाटते, आणि रोज जातो. व्हिसा त्यांच्या हातात आहे.

मागच्या वेळी फोनवर मावशीला म्हणालो, नवी मशीन पाठवतो, इलेक्ट्रिकची. ती म्हणाली, "बोटं वाकत न्हाईत रं. मशीन काय करू? कापड सरकवायला तर बोटंच लागत्यात."

"मग काय पाठवू?"

तिनं फोन चांगल्या हातात घेतला. मग म्हणाली, "त्या दिवशी रस्त्याच्या पल्याड लई लोक उभं व्हतं. त्यातला एक जरी अल्याड आला असता ना, तर बरं वाटलं असतं."

मावशी, मी येईन. तुझ्या घराला लागून जी पडकी जागा आहे, तिथं राहीन, टेम्पो तुझ्या दारात लावीन. पुन्हा कधी कुणी पहार घेऊन आलं, वरचं असो की खालचं, तर चाकावर पहिला हात माझा असेल. हे फेडल्याशिवाय मी मरणार नाही.