आज वारल्या सदतीस

पोदलिपा गावच्या बोगोमिर प्रेझेलने अडतीस वर्षं टपाल वाटलं आणि तेवढ्या वर्षांत कुणाचं एक पोस्टकार्ड वाचलं नाही. यावर त्याची बायको तोंचका म्हणायची, "वाचणार कसा? चष्मा रोज घरी विसरायचा." पण तोंचकाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, हे आख्ख्या गावाला ठाऊक आहे. खरी गोष्ट अशी की वाचलं असतं तर 'नाही वाचलं' म्हणावं लागलं असतं, आणि खोटं बोलायला गेलं की बोगोमिरचे कान लालबुंद होत, आणि कान असे भले मोठे की चर्चच्या पायरीवरूनही दिसावेत. म्हणून त्याने खोट्याचा नाद शाळेतच सोडला होता.

निवृत्तीनंतर त्याच्यापाशी दोनच कामं उरली. एक तोंचकाचं ऐकून घेणं आणि दुसरं मधमाश्या. बागेच्या कडेला त्याचं माश्यांचं लाकडी घर होतं. त्यात चोवीस पेट्या, आणि प्रत्येक पेटीच्या दर्शनी फळीवर वेगळं चित्र. राजधानीतल्या, लुब्लियानाच्या, एका संशोधन संस्थेतली ब्रिगिता त्याला शोधत आली ती या माश्यांमुळेच. ब्रिगिता चाळिशीला टेकलेली, डॉक्टरेट मिळवलेली बाई होती. पण तिच्या जन्माची तार बोगोमिरनेच तिच्या आजीला पोचवली होती, त्यामुळे त्याच्या लेखी ती पोरगीच.

"काका, तीन वर्षांचा प्रकल्प आहे," ती म्हणाली. "युरोपातल्या जनतेच्या पैशातून चाललाय. तुम्ही फक्त रोज सकाळी पेट्यांखालचे ट्रे बघायचे, किती माश्या वारल्या ते मोजायचं आणि लिहायचं."

"आणि हा गठ्ठा कसला?"

"सचोटीचं प्रतिज्ञापत्र. अकरा पानं आहेत. शेवटच्या पानावर सही करा, बाकी कुणी वाचत नाही."

बोगोमिरने वाचलं. मोठ्याने वाचलं, अकराच्या अकरा पानं, आणि ब्रिगिताला समोर बसवून वाचलं. जे पाहीन तेच लिहीन, लिहिलेलं कुणाच्या दबावाने बदलणार नाही, माझ्यामुळे काही इजा झाली तर ती लपवणार नाही. "वा!" तो म्हणाला, "हे कुणीतरी शहाण्या माणसाने लिहिलंय." आणि त्याने सही केली. तोवर ब्रिगिताची शेवटची बस निघून गेली होती.

इथे एक सांगून ठेवायला हवं. आमच्या भाषेत बैल मरतो, कुत्रं मरतं, कोंबडी मरते. वारतो तो फक्त माणूस. आणि मधमाशी. बाकी कुठल्याही जीवाला हा मान नाही, पाद्रीबुवांच्या घोड्यालाही नाही. मधमाशी 'मेली' असं म्हणणारा माणूस आमच्याकडे उद्धट समजला जातो आणि त्याला कुणी चांगला मध देत नाही.

तर बोगोमिर रोज सकाळी कॉफीच्या आधी टोपी काढून ट्रे बघू लागला. मोजणी दोनदा, आणि आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. मग प्रकल्पाच्या छापील फॉर्मांच्या वहीत लिहायचा: "आज आपल्यातल्या वारल्या सदतीस. एकोणतीस वयोमानाने. सात थंडीने. एक शेजारच्या झ्दाव्कोने चापट मारल्यामुळे. त्याला पश्चात्ताप नाही." 'माशी' हा शब्द त्याने एकदाही लिहिला नाही. माश्यांच्या घरासमोर उभं राहून माशी माशी काय लिहायचं?

तीन महिन्यांनी ब्रिगिताने वह्या संगणकात घातल्या, संगणकाने त्यांचं इंग्रजी केलं आणि ते ब्रसेल्सला, पैसे देणाऱ्या कचेरीत गेलं. प्रकल्पाच्या नावात नऊ शब्द होते आणि 'मधमाशी' त्यांत नव्हती. होतं ते 'ग्रामीण समुदायांचं स्वास्थ्य' वगैरे. तिथल्या नीतिमत्ता विभागातल्या माणसाने फक्त तक्ता पाहिला. गाव पोदलिपा, लोकसंख्या एकशे शहाऐंशी. तीन महिन्यांतले मृत सहभागी दोन हजार नऊशे चौदा. मृत्यूची कारणं: थंडी, वयोमान, शेजाऱ्याने मारलेली चापट.

दुसऱ्याच दिवशी प्रकल्प थांबवला गेला.

ब्रिगिता धापा टाकत आली. "काका, मी फोनवर समजावलं हो त्यांना. माश्या आहेत हे त्यांना पटलंय. पण चुकीची नोंद झाली म्हणून चौकशी लागलीय. ब्रसेल्सहून साहेब येतायत. तुम्ही फक्त दुरुस्तीच्या कागदावर सही करायची: 'वारल्या' हा शब्द चुकून पडला, 'मेल्या' असं वाचावं. बस."

"चुकून नाही पडला."

"काका, नाहीतर प्रकल्प बंद होईल. माझं तीन वर्षांचं काम पाण्यात जाईल!"

पोरीवर बोगोमिरची माया होती. पण 'मेल्या' असं लिहायचा नुसता विचार केला आणि कान तापायला लागले.

तोंचका चुलीपाशी बकव्हीट नावाच्या धान्याचं पिठलं घोटत होती. ती डाव उगारून वळली. "कर की सही! माझी आई गेली तेव्हा टपाल कचेरीत काय सांगितलंस? 'म्हातारी खपली एकदाची, उद्या रजा हवी.' माझी आई खपली, आणि माशी वारली?"

"अगं, तुझी आई चावायची."

"माश्या नाही चावत?"

"उगीच नाही चावत," बोगोमिर म्हणाला. त्या दिवशी तोंचकाने वर लोणी घातलं नाही, पिठलं त्याला कोरडंच गिळावं लागलं.

गुरुवारी टिल्मान साहेब आले. उंच, सडपातळ, करड्या सुटातला माणूस. बोलायचा हळू आणि प्रत्येक शब्द मोजून. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर काम सोपं झालं असतं. बागेतल्या टेबलावर त्यांनी कागद मांडले, तोंचकाने मधाची ब्रँडी आणि अक्रोड भरलेल्या पोतित्सा पावाचे जाड काप आणून ठेवले, आणि ब्रिगिता मध्ये बसून इकडचं तिकडे सांगू लागली.

"साहेब म्हणतायत, फॉर्ममध्ये मृत्यूचे दोनच रकाने आहेत. एक माणसांचा, एक प्राण्यांचा. तुम्ही माणसांच्या रकान्यात लिहिलंत."

"मग प्राण्यांच्या रकान्यात घालू द्या त्यांना, शब्द तोच ठेवून."

ब्रिगिताने विचारलं. साहेबांनी नियमावली चाळली आणि थोडे ओशाळले. "ते म्हणतायत, तेही जमणार नाही. नियमाप्रमाणे प्राणी म्हणजे पाठीचा कणा असलेला. माशीला कणा नाही."

"म्हणजे कणा नसला की प्राणी नाही?"

"नाही. फक्त... ऑक्टोपसला सूट आहे."

बोगोमिरने ब्रँडीचा पेला खाली ठेवला. "ऑक्टोपस प्राणी. आणि माझी माशी कोणीच नाही?"

"कोणीच नाही," ब्रिगिता रडवेली होऊन म्हणाली. "म्हणून तर 'मेल्या' लिहायचं आणि विषय संपवायचा. 'नमुने नष्ट झाले' असं धरतात ते. काका, पेन घ्या ना."

पेन त्याने घेतलं. आमच्या बोगोमिरने आयुष्यात एवढं जड काही उचललं नव्हतं, एकदा त्याने शिवणयंत्राचं पार्सल डोंगरावर नेलं होतं तरी. समोर पोरगी डोळे पुसत होती. तो कागदावर वाकला. कान आधी गुलाबी झाले, मग लाल, मग बीटासारखे. "ब्रिगिता," तो म्हणाला, "तुझ्यासाठी मी विहिरीत उडी मारीन. पण तुझ्याच कागदावर लिहिलंय, दबावाने बदलणार नाही. सचोटीच्या कागदासाठी पहिलं खोटं मीच बोलू का?"

ब्रिगिताने हे साहेबांना सांगितलं की नाही कोण जाणे, कारण तेवढ्यात साहेब "आई गं" अशा अर्थाचं काहीतरी त्यांच्या भाषेत ओरडले आणि मनगट धरून उभे राहिले.

"चावली? आमची करडी माशी?" बोगोमिरचा विश्वास बसेना. आमच्या माश्या गरीब. पेट्यांजवळ पाळण्यात पोर झोपवावं इतक्या गरीब. तो पुढे झाला, साहेबांचा हात हुंगला आणि म्हणाला, "केळं खाल्लंय याने!"

ब्रिगिताने विचारलं. होय, गाडीत, दोन. केळ्याच्या वासाने माश्या बिथरतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण ब्रसेल्सच्या नियमावलीत ते नव्हतं. बोगोमिरने नखाने खरवडून काटा काढला, तोंचकाने कांदा चोळला. मग बोगोमिरने टोपी काढली आणि टेबलाकडे बघत उभा राहिला.

दुरुस्तीच्या कागदावर माशी पडली होती. डंख देऊन बसलेली माशी वाचत नाही. काट्याबरोबर तिचं पोटच तुटून येतं. ती दोन पावलं चालली, कलंडली, पुन्हा उठली. तोंचकाने एप्रनला हात पुसले आणि तीही नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली.

साहेबांनी सूज आलेला हात छातीशी धरला होता. "काय झालंय तिला?" त्यांनी विचारलं.

ब्रिगिताने सांगितलं. साहेब खाली बसले. हात ठणकत असणार, पण ते माशीकडेच बघत होते. बरीच मिनिटं गेली. शेवटी माशीने पाय दुमडले.

मग बोगोमिरने अगदी नम्रपणे ती अकरा पानं पुढे सरकवली आणि सातव्या पानावर बोट ठेवलं. "साहेबांना विचार, हे त्यांनाही लागू आहे का. ज्याच्यामुळे इजा होईल त्याने स्वतः, त्याच दिवशी नोंद करायची."

साहेबांनी ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचे कान लहान होते आणि करड्या केसांखाली झाकलेले होते, पण तोंचका शपथेवर सांगते की ते लाल झाले.

"कुठला शब्द लिहू?" त्यांनी ब्रिगिताला विचारलं.

ब्रिगिताने एका चिठ्ठीवर दोन्ही शब्द लिहून दिले आणि कुठला जनावरांना लागतो, कुठला माणसांना, तेही सांगितलं. तीन वर्षांचं काम समोर टांगलेलं असूनही एक अक्षर जास्त बोलली नाही, याचं मला कौतुक वाटतं.

साहेबांनी दुखरा हात बाजूला ठेवला आणि डाव्या हाताने, बालवाडीतल्या पोरासारख्या अक्षरांत, बोगोमिरच्या वहीत माणसांच्या रकान्यात लिहिलं:

"आज वारली एक. कारण: मी."