लाल पंख आणि पाण्याची वाटी

तुमच्या बाबांनी परदेशातून पाठवलेल्या पार्सलमध्ये फिल्मच्या दोन गुंडाळ्या होत्या, एक लाल आणि एक पिवळी. ही पातळ प्लास्टिकची फिल्म छोट्या विमानाच्या पंखांवर इस्त्रीने चिकटवायची, म्हणजे ती आकसून ताठ बसते. तुमच्या आजोबांनी बारामतीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, बाल्साच्या हलक्या लाकडाचं हातभर ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, केलं होतं. सांगाडा तयार होता, पांघरूण तेवढं बाकी होतं.

घाई होती. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडून जात चालली होती, आणि गेलेली परत येणार नाही असं पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "एकदा उडताना दिसू दे," एवढंच ते म्हणायचे. पंख वरून पिवळे, त्यावर लुगड्याच्या काठासारख्या लाल पट्ट्या, आणि खालून सगळे लाल, असं त्यांनी ठरवलं होतं. आभाळात लाल त्यांना अजून ओळखू यायचा.

इस्त्रीचं काम माझ्याकडे, तुमच्या आजीकडे, आलं. मापं घेऊन मी तुकडे नीट कापले. इस्त्रीशेजारी पाण्याची वाटीही ठेवली. खळीच्या सुती साड्यांना जन्मभर पाणी शिंपडूनच इस्त्री केलेली. लाकडावर फिल्म पसरण्याआधी हात आपोआप वाटीत गेला.

"अगं, काय शिंपडलंस?" आजोबा ओरडले.

तोवर इस्त्री फिरली होती. फिल्मखाली वाफेचे फोड आले, लाकूड फुगलं आणि संध्याकाळपर्यंत पंख पिळवटला. चिकटलेली फिल्म निघेना, लाल तर उरलीच नव्हती.

शेजारचे तात्या बघायला आले. "मास्तर, ह्यो पंख हाय का कुरडई?"

"कुरडई तळून खाता तरी येते, तात्या," आजोबा म्हणाले. मला मात्र ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसरं पार्सल यायला पाच महिने लागले. तेवढ्या काळात त्यांनी नवा पंख जवळजवळ चाचपूनच जोडला. या वेळी मी कोरडी इस्त्री केली. एकही सुरकुती आली नाही.

बारामतीजवळच्या कन्हेरीला तात्यांच्या मोकळ्या रानात आम्ही गेलो. तात्यांनी बांधावरून ग्लायडर सोडलं. ते डौलात वर गेलं, वळलं, आमच्या डोक्यावरून आलं. तात्या ओरडत होते, "मास्तर, वर बघा! तुमच्या डोक्यावर हाय!"

आजोबांनी मान वर केली, पण ते भलतीकडेच बघत होते.

"खालून लाल दिसतंय का गं?" त्यांनी मला विचारलं.

"दिसतंय," मी म्हणाले आणि त्यांची हनुवटी धरून चेहरा त्या दिशेला वळवला. तोवर ग्लायडर ढेकळांत उतरलं होतं.

ते तसेच वर बघत राहिले. हनुवटी माझ्याच हातात होती.