हलवायचं कुणाला

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे ते माझ्या थोरल्या बहिणीचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. ताई गेली असती. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी नम्रपणाने म्हणत नाही, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे वडील पिठाच्या गिरणीत कामाला होते. ताई नववीत असताना शाळेच्या रस्त्यावर सायकलच्या दुकानापाशी वरच्या वर्गातली पोरं उभी राहायची. ती दिसली की अंगावरचं पीठ झटकल्याचं सोंग करायची आणि ओरडायची, "गिरणी आली रे, गिरणी!" पुढे पुढे ते पीठ तिच्या अंगावरून झटकायला हात यायला लागले. ताईने आईला सांगितलं, आईने वडिलांना. वडील हेडमास्तरांना भेटले. त्यांनी वडिलांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाले, "मी बोलतो पोरांशी. तोवर मुलीला घरी ठेवा. तिच्याच भल्यासाठी सांगतोय." वडील घरी आले ते खुर्चीचं आणि चहाचं कौतुक करत.

ताई पुन्हा शाळेत गेली नाही. त्या पोरांतला एक जण दहावी पास झाला तेव्हा आमच्या घरीही पेढे आले होते. ताई ब्लाउज शिवायला शिकली आणि तिच्या मशीनवर माझं बी.ए. झालं, बी.एड. झालं. मी कृतज्ञ आहे. पण ज्या दिवशी मला पदवी मिळाली त्या दिवशीही मला त्या पेढ्यांचा राग येत होता.

आता मी खारघरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. अशा शाळेत मराठीच्या शिक्षकाला काय किंमत असते ते सांगत बसत नाही. सातवी 'ब'चा मी वर्गशिक्षक होतो. वर्गात तळोजाहून बसने येणारी एक मुलगी होती. वडील तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात, आई पावणे एमआयडीसीत पॅकिंगच्या कामावर. तळोजाच्या बसची बहुतेक मुलं 'ई' तुकडीत असायची. बस उशिरा येते म्हणून त्यांची सोय, असं शाळा सांगे. ही मुलगी मार्कांमुळे 'ब'मध्ये आली होती.

खारघरमध्ये काही रात्री हवेला उग्र वास येतो. लोक खिडक्या लावून घेतात, सोसायटीच्या ग्रुपवर तळोजाच्या कारखान्यांच्या नावाने बोटं मोडतात. मुलं हे घरात बघतात. एका सकाळी ती वर्गात आली आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "खिडक्या लावा रे, तळोजा आला!" धडाधड खिडक्या लागल्या. सगळा वर्ग हसला. मी ओरडलो, खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी मी पोहोचायच्या आत पुन्हा तेच. मग तो तिच्या बाकाजवळून जाताना नाक धरायला लागला. तिच्या वहीला हात लावायचा झाला तर रुमालाने. मी पुन्हा ओरडायचो. प्रिन्सिपल मॅडमच्या कानावर घातलं, तर त्या म्हणाल्या, "वयच तसं आहे."

मग त्या मुलाने घरून डिओचा कॅन आणला. ती बाकावर बसायला गेली तशी त्याने तिच्या मानेवर फवारा मारला. ती वळली आणि पुढचा फवारा डोळ्यांत गेला. मी वर्गात आलो तेव्हा ती नळाखाली डोळे धरून उभी होती आणि तो सांगत होता, "सर, मी फक्त सॅनिटाइज करत होतो."

मधल्या सुट्टीत प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं.

"हे आता थांबलं पाहिजे, सर. आपली अँटी-बुलिंग पॉलिसी आहे. तिला 'ई'मध्ये टाकू. तिथे तिच्याच एरियातली मुलं आहेत, कम्फर्टेबल वाटेल तिला."

"आणि मुलाला?"

"मुलाला काय?"

"त्याला टाकलं 'ई'मध्ये तर?"

मॅडम हसल्या. "त्याचे पेरेंट्स मलाच टाकतील 'ई'मध्ये." मग हसू आवरून म्हणाल्या, "तिच्या आईकडून रिक्वेस्ट घ्या. आपण हलवलं असं दिसायला नको. दोघांना वेगळं केलं की विषय संपला. हेच प्रिव्हेन्शन."

मी 'बघतो' म्हणून बाहेर आलो. हेडमास्तरांनी दिलेल्या खुर्चीत बसून आलेल्या माझ्या वडिलांना हो म्हणणं किती सोपं वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. आवाज इतका मऊ असतो की नाही म्हणायला लाज वाटते.

मुलगी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसली होती. डोळे लाल होते.

"तुला 'ई'मध्ये जायचंय का?"

"का?"

"तिथे त्रास होणार नाही, असं म्हणतायत."

"मी काय केलंय, सर?"

"काही नाही केलंस."

"मग मी का जाऊ? तिकडचे पण म्हणतील, 'ब'मधून हाकलली." मग ती म्हणाली, "आणि सायन्सच्या प्रोजेक्टला माझेच मूग उगवलेत. ग्रुपमधल्या बाकीच्यांचे कुजले. मी गेले तर ते माझे घेतील."

हे मूग मला फार मोठे वाटले. माझ्या ताईचंही नववीत काहीतरी अर्धं राहिलं असणार. काय, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी तिच्या आईला फोन लावला. मागे मशिनींचा खडखडाट.

"कोन बोलतंय?"

"शाळेतून बोलतोय, तुमच्या मुलीचा वर्गशिक्षक. उद्या शाळेत यावं लागेल."

"काय केलं आता माज्या पोरीनं?"

"तिनं नाही काही केलं."

"मंग मला कशाला बोलावता? ज्यानं केलं त्येच्या आयला बोलवा की!"

"त्यांनाही बोलावलंय."

"येते," म्हणून तिने फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी मी गेटवरच तिची वाट बघत थांबलो. ती कामावरून तशीच आली होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. बोलणं आमच्याच बाजूचं, साताऱ्याकडचं. मी घाईघाईने सांगितलं, "आत तुमच्याकडून विनंती मागतील, मुलीची तुकडी बदला अशी. तुम्ही ती करायलाच पाहिजे असं नाही."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी कुनाच्या बाजूचं?"

"तुमच्या."

"आन् इतकं दिस कुठं व्हता? वर्गात तुमीच असता न्हवं?"

"मी ओरडलो होतो त्यांना."

"वरडून काय हुतंय? आमच्या दारातलं कुत्रंबी वरडतंय."

ती पुढे चालायला लागली, मी मागून.

ऑफिसात मुलाचे आई-वडील आधीच बसले होते. वडिलांचा मोबाइल टेबलावर होता आणि तो दर मिनिटाला थरथरत होता. आम्ही बसायच्या आत ते म्हणाले, "मॅडम, मला अकराला कॉल आहे. मुद्द्याचं बोलूया. डिओ मारला आहे, ॲसिड नाही मारलं."

"डोळ्यात गेलंय तिच्या," मुलीची आई म्हणाली.

"तिनेच वळून बघितलं ना," मुलाची आई म्हणाली. "आणि आमच्या मुलाला खरंच वासाचा त्रास होतो. डॉक्टरांकडे चालू आहे त्याचं. तो सेन्सिटिव्ह आहे."

"वास?" मुलीची आई उठली आणि मुलाच्या आईच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली. "पोरीला मी रोज साबनानं न्हाऊ घालून धाडते. वास आला तर माजा यील. पहाटेपासनं कंपनीत हाय मी. घ्या वास. घ्या की."

मुलाच्या आईने खुर्ची मागे सरकवली. फरशीवर तो कर्कश आवाज झाला तेव्हा मला कळलं की खिडक्या लावायला पोरगा कुठे शिकला.

"प्लीज, प्लीज," मॅडम म्हणाल्या. "आपण सगळे मुलांच्या भल्यासाठीच बसलोय. ताई, तुम्ही बसा. तर तुमची जी रिक्वेस्ट आहे, तुकडी बदलायची..."

"माजी काय रिक्वेस्ट न्हाई."

"पण सर तुमच्याशी बोललेत ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी नोकरी दरवर्षी नव्याने मिळते, हे त्या खोलीतल्या दोघांना माहीत होतं: मॅडमना आणि मला.

"बोललो," मी म्हणालो. "विनंती करायची गरज नाही, असं मीच त्यांना सांगितलं. मुलीला विचारलं, तिला जायचं नाही. हलवायचंच असेल तर ज्याने फवारा मारला त्याला हलवा."

"वा!" मुलाचे वडील म्हणाले. "टीचरच भडकवतायत. कुठून आलात हो तुम्ही?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"तरीच. हे बघा, गावाकडे चालत असेल हे असलं. इथे फी भरतो आम्ही."

"आमी काय फुकट शिकवतो व्हय?" मुलीची आई म्हणाली. ती अजून उभीच होती. "पोरगी त्याच वर्गात जाईल. तुमास्नी हलवायची तर हलवा, पर मी मागितलं असं म्हनायचं न्हाई. तसं लिवलंत तर मी शिक्षन खात्याच्या हाफिसात जाऊन बसते. आन् पुन्ना कुनी तिच्या अंगावर काय मारलं, तर त्या वर्गात येऊन बसते. कंपनी गेली उडत."

ती निघून गेली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही, आभार तर दूरच. आभार मानावेत असं मी तोवर काही केलंही नव्हतं.

मुलाला चार दिवस घरी बसवलं आणि शाळेत डिओ आणायला बंदी झाली. शिक्षण खात्याचं नाव निघालं नसतं तर तेही झालं नसतं. मुलगी 'ब'मध्ये राहिली. ते लोक गेल्यावर मॅडमनी मला थांबवलं. "तुम्ही मराठीवाले फार इमोशनल असता," एवढंच म्हणाल्या. पुढच्या सोमवारी माझ्याकडून 'ब' काढून घेतला आणि मला 'ई'चा वर्गशिक्षक केलं. स्टाफरूममध्ये एकाने विचारलंही, "काय सर, शेवटी तुम्हालाच टाकलं का?" आणि बाकीचे हसले. कोण कोण हसलं ते माझ्या लक्षात आहे.

त्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी, मी ताईला पत्र लिहिलं. फोनवर शाळेचा विषय निघाला की ती "जेवलास का?" विचारते आणि फोन आईकडे देते. पत्र तरी ती पुरतं वाचेल, असं वाटलं. ते असं:

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस. मी बरा आहे, नोकरीही आहे. फक्त माझा वर्ग बदललाय. वर्गातल्या एका मुलीला पोरं छळत होती आणि शाळेला तिलाच दुसरीकडे हलवायचं होतं. ती हलली नाही. तिच्या आईने सगळ्यांना फैलावर घेतलं, मलासुद्धा. मला ते लागलं, पण ती चुकीचं बोलली नाही. मी नुसता ओरडायचो. आता तिच्या वर्गाला ज्या बाई दिल्यात त्या ओरडत नाहीत. घंटेच्या आधी येतात, स्वतः खिडक्या उघडतात आणि सगळे बसेपर्यंत तिथे उभ्या राहतात. तेवढ्याने खिडक्या उघड्या राहतात. मला हे सुचायला हवं होतं.

ती मुलगी सुखात आहे असं समजू नकोस. तिच्या शेजारी अजून कुणी बसत नाही. पण ती रोज येते.

तुला तेव्हा काय हवं होतं हे आपल्या घरात कुणी विचारलं नाही. मी लहान होतो, पण नंतर मोठा झालोच की, तरी विचारलं नाही. तुझ्या पैशावर शिकलो आणि 'ताईने माझ्यासाठी शाळा सोडली' असं लोकांना सांगत राहिलो. ते खोटं आहे. तू सोडली नाहीस, तुला बसवलं. हेडमास्तरांनी बसवलं, वडिलांनी बसवलं. ते सर अजून बाजारात भेटले की 'भावाचं भलं केलंस हो' म्हणतात ना? आता म्हणाले तर मान हलवून पुढे जाऊ नकोस. त्या पोरांशी ते बोलले होते का, एवढं विचार. मला त्यांचं उत्तर नको आहे. त्यांना ते द्यावं लागावं, एवढंच हवंय.

मला ज्या वर्गावर टाकलंय तिथे पहिल्या दिवशी मी हजेरी घेता घेता प्रत्येकाला विचारलं, तू या वर्गात कसा आलास? बरीचशी बसची मुलं आहेत, पण काही जण दुसऱ्या तुकड्यांतून आलेत. एकाला 'काळ्या' म्हणायचे. एकीच्या डब्यातल्या सुकटीवरून रोज भांडण व्हायचं. एक मुलगा अडखळत बोलतो, त्याची नक्कल करायचे. छळणारे सगळे आपापल्या जागी आहेत. मी विचारलं, इकडे यायचं तुम्ही मागितलं होतं का? एकानेही हो म्हटलं नाही. तो अडखळणारा मुलगा हात वर करून मध्येच उभा राहिला आणि फार वेळ लावून म्हणाला, "सर, म... मला परत जाता येईल?"

मी हो म्हणालो. अधिकार नसताना म्हणालो. पुढच्या शनिवारी या सगळ्यांच्या आई-वडिलांना शाळेत बोलावलंय. मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

तुझा धाकटा