गावाची मूठ

बहात्तरच्या दुष्काळात कृष्णाकाठच्या आमच्या गावानं मारुतीच्या देवळात एक कणगी ठेवली होती. रोज दळायला बसण्याआधी घरोघरच्या बायकांनी मूठभर ज्वारी बाजूला काढायची आणि आठवड्यानं कणगीत नेऊन ओतायची. दुष्काळी पूर्वभागातनं पोटासाठी आमच्याकडं आलेल्यांना ती वाटली जायची.

वाटायला कोण बसणार, असं निघालं तेव्हा मला वाटलं, मीच. मी माणदेशची लेक, त्या लोकांची बोली माझी, त्यांची भूक मी जवळनं पाहिलेली. पण पंचांनी बसवलं माझ्या थोरल्या जावेला. तिच्या हाताला बरकत आहे म्हणे. बागायतदाराची लेक ती. भरल्या कणगीत हात घालायला कसली आलीय बरकत?

मी जळत होते, सरळ सांगते. लोक जाता-येता तिला दुवा द्यायचे. मुठी आमच्या सगळ्यांच्या आणि नाव तिचं. आयत्या बिळावर नागोबा.

एका वाटपाला मी ज्वारी ओतून वळले, तर रांगेत माझी आई. गावाकडच्या बायकांबरोबर खडी फोडायच्या कामावर आली होती आणि मला पत्ताही लागू दिला नव्हता. मी दंड धरून घरी चल म्हटलं. तिनं दंड सोडवून घेतला. माझी कूस अजून उजवली नव्हती, आणि नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय आईबापानं लेकीच्या घरचं खायचं नसतं. उपाशी पोटीही ती हे विसरली नव्हती.

"तुज्या घरचं पानी बी चालत न्हाई मला," ती म्हणाली. "ह्ये गावाचं हाय."

जावेनं ऐकलं. तिनं आईचा पदर भरला, वर आणखी एक मापटं ओतलं. आईनं तिच्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"लेकी, तुजं लय भलं हुईल."

आजवर ती बोटं माझ्यासाठी मोडायची. मी हातात रिकामी पाटी घेऊन तिथंच उभी होते.

घरी येताना जाऊ हळूच म्हणाली, "त्यात तुजी बी मूठ हाय की गं."

खरंच होतं ते. दुसऱ्या दिवसापासनं मी दोन मुठी काढायला लागले. पण आईनं लेकी म्हटलं ते तिला.