विसण न घातलेलं पाणी

टेंभुर्णीत आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा आला की त्याला हळूच सांगत, "द्वारकाबाईकडं पाणी पिऊ नका बरं!" पाणी वाईट होतं म्हणून नव्हे, उकळलेलं होतं म्हणून. आमच्याकडे उकळलेलं पाणी प्यायचं ते बाळंतिणीनं नाहीतर दुखणाईतानं. धडधाकट माणसापुढे ते ठेवलं तर त्याला अपमान वाटे. बायकांनी तर त्यांचं नावच पाडलं होतं, 'बारमाही बाळंतीण'. या बाईची दोन लेकरं गेलेली आहेत हे ठाऊक असूनही म्हणत. अशा जिभांचा मला आजही राग येतो.

आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे त्या घरातलं हसणं-रडणं आमच्या घरातच झाल्यासारखं. पहिला मुलगा रांगता रांगता हगवणीनं गेला. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा गावात सत्यशीला सिस्टर बदलून आल्या होत्या. त्यांनी बजावलं, "विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय लेकराला पाजायचं नाही." द्वारकाबाईंनी मनावर घेतलं. दिवसभर कापूस वेचून आल्या तरी आधी चूल पेटवायच्या आणि खळखळ उकळी फुटेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. तरीही ती पोरगी पाऊल टाकायच्या आधीच गेली.

मग १९८७ साली बेबीनंदा झाली. दात येऊ लागले आणि तिलाही जुलाब सुरू झाले. जीपनं जाफराबादला नेऊन सलाईन लावून आणलं, पण पोर कापडासारखी लोळागोळा पडलेली. सिस्टर तणतणत घरी आल्या.

"बाई, मी सांगून सांगून थकले. तुम्ही पाणी उकळतच नाही!"

"देवाशपथ, रोज उकळून राह्यले, सिस्टर. बसा, डोळ्यानं बघा."

सिस्टरही हट्टी. चुलीपाशी बसल्या. पाण्याला उकळी आली, द्वारकाबाईंनी पातेलं उतरवलं, फुलपात्रात पाणी ओतलं आणि रांजणातलं गार पाणी वरून त्यात घातलं.

"हे काय घातलं?"

"विसण."

"ते कशाला?"

"मंग! पोळंल ना लेकराला."

अंघोळीचं पाणी फार कढत असलं की त्यात गार पाण्याचं विसण घालतात, हे आपल्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक. द्वारकाबाईंच्या सासूचं, गोजरबाईंचं, त्यावर एक कडक शास्त्र होतं. विसण न घातलेलं पाणी मढ्याच्या अंघोळीचं, ते जित्या माणसाला द्यायचं नाही. मग अंघोळ काय आणि पिणं काय! सिस्टर स्वतः रोज विसण घालून अंघोळ करत, पण ते प्यायच्या पाण्यात पडत असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

सिस्टरांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी समजावून सांगितलं, विहिरीतलं जे मारायला आपण पाणी उकळतो तेच या घोटभर पाण्यातून परत येतं. उकळलेलं झाकून ठेवायचं, आपोआप निवू द्यायचं.

द्वारकाबाईंनी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. म्हणाल्या, "म्हंजी सिस्टर, मधलीला मीच..."

"नाही हो. उकळा म्हणाले आणि मी निघून गेले. निववायचं कसं ते मी सांगितलंच नाही. चूक माझी आहे."

सिस्टर गेल्या आणि गोजरबाई दारातच कडाडल्या, "जित्या पोरीला मढ्याचं पाणी पाजती का?"

सासूपुढे द्वारकाबाईंचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. त्या दिवशी भिंतीपलीकडून ऐकू आला. "आत्याबाई, मधलीला विसण घालून पाजलं. ती गेली. हिला बिनविसणाचं देऊन बघते."

पोर तहानेनं किरकिरत होती आणि ही बाई पातेल्याला पदरानं वारा घालत होती. सासूचं खरं निघालं तर, ही भीती त्यांनाही होतीच. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

बेबीनंदा वाचली. हळूहळू उठली, खेळायला लागली आणि पुढच्या पावसाळ्यात गल्लीतली पोरं आजारी पडली तेव्हाही ठणठणीत राहिली.

२००६ मध्ये तीच बेबीनंदा बाळंतपणाला माहेरी आली. जावयानं जीपमधून फिल्टरच्या पाण्याचे जार पाठवले. नाव पाडणाऱ्या बायकाही आता लग्नात तसलेच जार मागवत होत्या. द्वारकाबाई जारचं पाणीसुद्धा उकळायच्या. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या.

नातीच्या पहिल्या अंघोळीला मी होते. पाणी कढत होतं. मी गार पाण्याचा तांब्या उचलला, तर द्वारकाबाईंनी माझा हात धरला.

बेबीनंदा म्हणाली, "आई, अंघोळीच्या पाण्याला चालतं की."

"चालतं. मला ठावं हाय." त्यांनी दुपट्यात गुंडाळलेली नात मांडीवर घेतली आणि त्या घंगाळापाशी बसून राहिल्या. पाण्याची वाफ वर चढत होती. "निवू दे. बसते मी. हिच्या मावशीच्या वक्ताला एवढंच बसले न्हाई."

मी तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसले.