मेनूमामा रोज घेतात

मेनूमामांचा धंदा पाट्या रंगवायचा. गावातल्या निम्म्या कॉफीच्या आणि ज्यूसच्या दुकानांतले भिंतीवरचे बोर्ड त्यांच्याच हातचे. 'एस्प्रेसो'च्या जागी 'एक्स्प्रेसो' लिहा म्हणणारे कित्येक मालक त्यांनी शिडीवरूनच सुधारले होते. 'लाटे' लिहायचं की 'लॅटे', यावरून एकाशी त्यांचं असं वाजलं, की बोर्ड अर्धवट टाकून, शिडी खांद्यावर मारून ते घरी निघून आले. नावं सगळी तोंडपाठ. चव मात्र चहापलीकडे एकाचीही ठाऊक नाही. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांच्याबरोबर कुठे काही प्यायला जाणं ही शिक्षाच. मेनूकार्ड त्यांच्या हातात, बाकीच्यांनी फक्त मान हलवायची. मेहुणे एकदा चुकून म्हणाले, "मला काहीही चालेल."

"'काहीही' नावाचं पेय नसतं," मामा म्हणाले. "कुठल्या बोर्डावर असलं तर दाखवा."

"बरं, थंड काहीतरी."

"थंड म्हणजे? बर्फ घालून, बर्फात ठेवून, की बर्फ फिरवून?"

तोवर मेहुण्यांची तहान मरून गेली होती. 'मेनूमामा' हे नाव भाचरांनी त्याच दिवशी ठेवलं.

एवढा नावांचा पक्का माणूस, पण स्वतःच्या नावापुढे दुसरं नाव काही लागलं नव्हतं. कानांवरचे केस पांढरे झाले तरी लग्नाचं राहूनच गेलं. मुली बघायच्या वयात दादा बोर्ड बघत बसला, असं धाकटी बहीण म्हणे. शेवटी तिनंच एक स्थळ काढलं. इस्पितळाच्या धुलाई विभागाचा कारभार बघणाऱ्या बाई, एकट्या राहणाऱ्या. मामांनी त्यांचा फोटो पाहिला आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून 'कॉफी'वरचा चंद्र द्यायचा राहिला.

"हे बघ दादा," जाताना रस्त्यात बहीण म्हणाली, "त्यांच्या पहिल्या नवऱ्यानं दारूपायी घराचं वाटोळं केलं. त्या एकच गोष्ट विचारतील. सरळ उत्तर दे. पाल्हाळ लावू नकोस."

"अगं, मी तर थेंबाला शिवत नाही! त्यात काय पाल्हाळ लावायचंय?"

"तुझं काही सांगता येत नाही. तू पाण्यावरही भाषण देतोस."

जागा मामांनीच निवडली होती. बोर्ड त्यांचाच, लाल काठाचा. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. नमस्कार झाले, आणि "तुम्ही बोला, मी आलेच" म्हणत बहीण फोन कानाला लावून बाहेर पडली. फोन कुणाचाही नव्हता.

मामांनी कार्ड उघडलं आणि त्यांना जरा बरं वाटलं. वेटर आला.

"बाईंसाठी एक मॉकटेल," मामा म्हणाले. "पुदिन्याचं. वर छत्री असते ते."

बाईंनी चमकून पाहिलं. "काय टेल?"

"मॉक. घ्या हो, हलकंच असतं. पहिल्यांदा घेणाऱ्यांना हेच द्यावं."

बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. मग घसा साफ करून, ज्यासाठी आल्या होत्या ते विचारलं. "स्पष्टच विचारते. तुम्ही घेता का?"

आता गंमत पाहा. मामा 'दारू' या शब्दाची वाट बघत होते. तो आला की 'कधीच नाही' म्हणायचं, हे घोकूनही ठेवलं होतं. पण ज्या पेयाचं नाव चारचौघांत कुणी काढत नाही, ते आपल्याकडे नुसतं 'घेतात', हे त्यांच्या ध्यानीच आलं नाही. कुठल्या बोर्डावर ते कधी लिहिलंच नव्हतं ना! हातात कार्ड, समोर बाई, विचारतायत घेता का.

"घेतो की!" मामा म्हणाले. "रोज."

"रोज?"

"सकाळी उठल्या उठल्या एक लागतोच. त्याशिवाय हात स्थिर राहत नाही, ब्रश थरथरतो."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मामांना वाटलं, आपण त्यांच्यावर छाप पाडतोय.

"आणि… सोडून बघितलं नाहीत कधी?"

"एकदा बघितलं. डोकं इतकं चढलं, की शिडीवरून पडता पडता वाचलो. तेव्हापासून ठरवलं, कुणाच्या सांगण्यावरून सोडायचं नाही. लग्नानंतर तर दोघांनी मिळून घेऊ! एकट्यानं घेण्यात काय मजा?"

तेवढ्यात छत्रीवालं मॉकटेल येऊन टेबलावर विराजमान झालं. बाई उठल्याच. दारात बहीण आडवी आली.

"अहो, निघालात?"

"तुमचे बंधू रोज घेतात. सकाळपासून. मलाही घ्यायला सांगतायत."

"काय घेतो?"

"ते मी कशाला विचारू?"

बहिणीनं आत बघितलं. भाऊ कार्ड हातात धरून पाटीसारखा बसला होता. तिनं कपाळाला हात लावला. "अहो, चहा! चहा घेतो तो! त्याच्यापलीकडे जन्मात काही घेतलं नाही त्यानं. त्या कार्डावरच्या एकाचीही चव माहीत नाही त्याला!"

गल्ल्यावरचा मालक मान वर करून बघायला लागला. मामांना वाटलं, आता भिंतीवर लिहिण्यासारखं आपल्याकडे काही उरलं नाही.

बाई हसल्या नाहीत. परत येऊन बसल्या, पण पर्स मांडीवरच.

"दारू नाही, कळलं," त्या म्हणाल्या. "पण मघापासून तुम्ही माझ्यासाठी मागवताय, मला हेच द्यावं म्हणताय, घ्या म्हणताय. काय हवं, हे एकदा तरी विचारलंत? असं न विचारता पुढ्यात ठेवलेलं मी पुष्कळ वर्षं घेतलंय."

मामांनी कार्ड मिटलं. मेहुण्यांनी ते दृश्य पाहिलं असतं तर पेढे वाटले असते.

"काय… काय घ्याल तुम्ही?"

"कोमट पाणी. दिवसभर वाफेत उभी असते, घसा धरतो."

मामांनी वेटरला हाक मारून सांगितलं. वेटर म्हणाला, "ते बोर्डावर नाही, साहेब."

"बोर्ड मीच लिहिलाय," मामा म्हणाले. "माझ्याकडून राहिलं. आण."

पाणी आलं. बाई घोट घोट प्यायल्या. मॉकटेल बहिणीनं संपवलं आणि छत्री पर्समध्ये टाकली. उठताना बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी घरी या. आमच्याकडे कार्ड नाही, बोर्ड नाही. घेता ना?"

मामांनी तोंड उघडलं, मिटलं. बहिणीकडे पाहिलं. मग नवा बोर्ड लिहायला घेतल्यासारखं, एकेक अक्षर जपून म्हणाले, "चहा. चहा घेतो."